गिरगावातल्या आमच्या छापखान्यात सांबा सर्व्हर: अकरा महिन्यांचा अनुभव

आमचं गिरगावात कांदेवाडीजवळ डीटीपी आणि छपाईचं छोटं काम आहे, काकांनी सुरू केलेलं, आता काका आणि मी मिळून बघतो. लग्नपत्रिका, मंडळांचे अहवाल, स्मरणिका आणि श्रावण लागला की दिवाळी अंक. सहा कॉम्प्युटर आहेत, चार डिझाइनचे, एक हिशोबाच्या ताईंचा, एक काउंटरवर, आणि एक डिझायनर स्वतःचा मॅक घेऊन येतो. मागच्या वर्षीपर्यंत फायली एका ऑपरेटरच्या विंडोज मशीनवर शेअर केलेल्या फोल्डरमध्ये असायच्या, तो संध्याकाळी मशीन बंद करून गेला की सगळ्यांची कामं अडायची, मग पेनड्राइव्ह फिरायचे, आणि पेनड्राइव्ह फिरले की एकाच पत्रिकेच्या तीन प्रती तीन मशीनवर. त्यातूनच एकदा जुन्या मुहूर्ताची वेळ असलेली पत्रिका छापून गेली. चारशे नग. घरच्यांनी मुहूर्त बदलल्याचं आम्हाला वेळेत कळवलं होतं, दुरुस्तीही केली होती, फक्त छपाईच्या प्लेटला गेलेली फाइल दुसरी होती. काकांनी एक शब्द न बोलता रात्रीत पुन्हा छापून दिल्या, आणि दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, अगं याचं काहीतरी कायमचं कर.

त्या कायमच्या इलाजाचा हा रिव्ह्यू आहे. लिनक्सवर सांबा, म्हणजे एका मशीनवरच्या फायली नेटवर्कवरून सगळ्यांना देणारा प्रोग्राम. अकरा महिने रोज वापरून लिहितेय, एका शनिवारच्या प्रयोगावरून नाही.

आधी तयार नॅस पेटीची (नेटवर्कला जोडून फायली ठेवायची पेटी) चौकशी केली होती, दोन डिस्कवाली, डिस्क धरून ४० हजाराच्या आसपास सांगितलं. क्लाउड आमच्या कामाला नको होतं कारण एकेक मुखपृष्ठाची फाइल दीड-दोन जीबीची असते आणि नेट गेलं की हात बांधले जातात. मग कळलं की बाजारातल्या बऱ्याच नॅस पेट्यांच्या आतसुद्धा सांबाच चालतो, वर फक्त दिसायला छान पडदा असतो. आमच्याकडे जुना आय-फाइव्ह पीसी पडून होता, आठ जीबी रॅमचा, लॅमिंग्टन रोडवरून प्रत्येकी चार टीबीच्या दोन डिस्क, गिगाबिट स्विच आणि यूपीएस आणला, डेबियन १२ हे लिनक्स टाकलं, दोन्ही डिस्क एकमेकींची प्रत राहतील अशा जोडल्या. २५ हजाराच्या आत काम झालं. मशीन जमिनीवर ठेवायचं नाही हे काकांनी आधीच बजावलं होतं, २००५ च्या २६ जुलैला तळातल्या कागदाच्या रिमांचा लगदा झालेला त्यांनी पाहिलाय, त्यामुळे सर्व्हर डोक्याच्या उंचीवरच्या फळीवर आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. विंडोज मशीन एकमेकांशी फायली शेअर करताना ज्या भाषेत बोलतात तिला एसएमबी म्हणतात, आणि सांबा म्हणजे लिनक्सला ती भाषा बोलायला लावणारा प्रोग्राम. ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१-९२ च्या सुमारास विद्यार्थी असताना सुरू केला. आधी नाव एसएमबी-सर्व्हर होतं, ते ट्रेडमार्कच्या कारणाने बदलावं लागलं तेव्हा त्यांनी डिक्शनरीच्या फाइलमध्ये एस, एम, बी ही अक्षरं त्याच क्रमाने येणारे शब्द शोधले आणि त्यात सांबा सापडला. मला सगळ्यात भारी वाटतं ते हे की सुरुवातीची कितीतरी वर्षं यांनी वायरीवरून जाणारी डेटाची पाकिटं बघून बघून ही भाषा उलगडली, मायक्रोसॉफ्टची अधिकृत कागदपत्रं त्यांना मिळाली ती युरोपातल्या खटल्यानंतर, २००७ च्या डिसेंबरमध्ये, १० हजार युरो एकदाच भरून. आणि एवढं सगळं करून प्रोग्राम आपल्याला फुकट, किती युजर जोडले याचं लायसन नाही. आमच्यासारख्या छोट्या प्रेसला याची किंमत कळते.

इन्स्टॉल करायला एक कमांड, पाच मिनिटं. इथपर्यंत काहीच त्रास नाही. त्रास पुढे आहे आणि तो सांबाचा कमी आणि आपण तो कसा लावतो याचा जास्त आहे.

पहिल्यांदा मी एका माणसाला पैसे देऊन बोलावलं होतं. त्याने अर्ध्या तासात एक फोल्डर बनवला, त्याला सीएचमॉड ७७७ मारलं (म्हणजे कोणीही वाचा, कोणीही लिहा), कॉन्फिग म्हणजे सेटिंगच्या फाइलमध्ये गेस्ट ओके लिहिलं आणि झालं म्हणाला. चाललं पण. जुन्या मशीनवर बिनापासवर्ड फोल्डर उघडत होता, सगळे खूश. मग नव्या दोन विंडोज ११ मशीनवर उघडेना, एरर अशी की तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे गेस्टला प्रवेश नाही. आता आमच्याकडे कुठलं आलंय धोरण! त्याला फोन केला तर तो म्हणाला विंडोजच्या रजिस्ट्रीत एक नोंद बदला म्हणजे होईल. मी ते केलं नाही. नवीन विंडोज बिनओळखीच्या माणसाला आत घेत नाही ही चांगली गोष्ट आहे, आणि तीच बंद करायची असेल तर सर्व्हर लावायचाच कशाला. शिवाय हिशोबाच्या ताईंची पगाराची शीट आणि काउंटरवर येणाजाणाऱ्या शिकाऊ मुलाचं मशीन, दोन्ही त्याच ७७७ फोल्डरवर होती हे लक्षात आल्यावर मला त्या रात्री नीट झोप लागली नाही.

मग स्वतः बसले. तीन रविवार गेले. जे समजलं ते असं की सांबामध्ये परवानगी दोन ठिकाणी असते आणि इथेच बहुतेक लोक अडकतात. सोसायटीच्या गेटवर वॉचमन असतो आणि वर घराला कुलूप असतं, तसं. वॉचमन म्हणजे सांबाची कॉन्फिग फाइल, त्याच्या वहीत नाव असेल तर आत सोडणार. कुलूप म्हणजे लिनक्सची स्वतःची परमिशन, फोल्डर कोणाच्या मालकीचा, कोणत्या ग्रुपचा. वॉचमनने सोडलं पण कुलूप बंद तर तुम्ही जिन्यात उभे, आणि कुलूप उघडं पण वॉचमनने अडवलं तर गेटवर उभे. दोघांचं एकमत झालं तरच फाइल उघडते. त्या माणसाने वर सगळ्या घरांची कुलपं काढली होती आणि वॉचमनला पण घरी पाठवलं होतं.

म्हणून आधी कॉम्प्युटरला हात न लावता एका कागदावर लिहिलं की कोणाला काय लागतं. डिझाइनवाले चौघे आणि मॅकवाला एका ग्रुपमध्ये, त्यांना चालू कामाच्या फोल्डरमध्ये लिहायची परवानगी. काउंटरला तयार नमुने फक्त बघायला. हिशोब ताई आणि काका. संपलेल्या कामांचं दप्तर सगळ्यांना वाचायला, लिहायला फक्त मला. काकांबरोबर बसून हा कागद करायलाच चार तास लागले कारण प्रत्येक ओळीवर चर्चा, याला कशाला, त्याला का नको. पण तो कागद झाल्यावर कॉन्फिग लिहायला अर्धा तास लागला. तुम्ही सांबा लावणार असाल तर माझं कळकळीचं सांगणं आहे, हा कागद आधी करा.

त्यानंतर प्रत्येकाचा लिनक्सवर युजर, तोही असा की त्याला सर्व्हरवर लॉगिन करता येणार नाही, फक्त फायली. मग एसएमबीपासडब्ल्यूडी कमांडने सांबाचा पासवर्ड वेगळा. हे वेगळं का, असं मला आधी वाटलं होतं, तर विंडोज ज्या पद्धतीने पासवर्ड तपासतं त्यासाठी वेगळ्या प्रकारची नोंद ठेवावी लागते, लिनक्सची नेहमीची नोंद त्याला चालत नाही. त्यामुळे लिनक्सचा पासवर्ड बदलला म्हणून सांबाचा आपोआप बदलत नाही हे लक्षात ठेवा.

आता ती रात्र. दिवाळी अंकाचं काम ऐन भरात, सकाळच्या ऑपरेटरने सोळा पानांच्या फर्म्याची फाइल नवीन बनवून ठेवली, रात्रपाळीचा दादा आला, फाइल उघडली, दुरुस्त्या केल्या, आणि सेव्ह करताना रीड-ओन्ली. साडेअकरा वाजलेले, सकाळी सातला प्लेट जायची होती. दोघं एकाच ग्रुपमध्ये, फोल्डरला ग्रुपची परमिशन बरोबर, मग अडतंय कुठे? मी घरून फोनवर एकेक ओळ वाचून घेत होते. शेवटी सापडलं. सांबाची क्रिएट मास्क नावाची सेटिंग तुम्ही स्वतः लिहिली नाही तर ती ०७४४ धरली जाते, म्हणजे नवीन फाइल बनवणाऱ्याला लिहिता येतं आणि बाकी ग्रुपला फक्त वाचता येतं. जुन्या फायली मी आधी हाताने दुरुस्त केल्या होत्या म्हणून दिवसभर कोणाला कळलं नाही, नवीन बनलेली पहिलीच फाइल अडली. मग असं लिहिलं: क्रिएट मास्क ०६६० (बनवणारा आणि ग्रुप, दोघांनाही लिहिता येतं), डायरेक्टरी मास्क ०७७० (तेच, नवीन फोल्डरसाठी), फोर्स ग्रुपमध्ये डिझाइन ग्रुपचं नाव, आणि फोल्डरला सीएचमॉड २७७०, त्यातला पुढचा २ फार महत्त्वाचा, त्याने आत बनणारी प्रत्येक गोष्ट त्याच ग्रुपची होते. एवढं केल्यावर आजपर्यंत ती अडचण परत आलेली नाही. पण हे चार शब्द पहिल्या दिवशी कोणी सांगितले असते तर दादाचा रात्रीचा दीड तास वाचला असता, म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. हिशोबाच्या फोल्डरच्या कॉन्फिगमध्ये मी व्हॅलिड युजर्सच्या जागी शेवटचा एस विसरून व्हॅलिड युजर लिहिलं. सांबा अशा अनोळखी ओळीवर थांबत नाही, ती सोडून देतो आणि चालू होतो. म्हणजे कोणाला आत घ्यायचं ही अटच गेली, वर मी घाईत तो फोल्डर ७७५ ठेवलेला, त्यामुळे कुलूपही सैल. दोन दिवस कोणालाही पगाराची शीट वाचता येत होती. ताईंनीच पकडलं, त्या सहज काउंटरवर बसल्या होत्या आणि त्यांना स्वतःचा फोल्डर तिथून उघडताना दिसला. त्या काही रागावल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा मला आठवतो. टेस्टपार्म नावाची कॉन्फिग तपासणारी कमांड आहे, ती चालवली असती तर सुरुवातीलाच अनोळखी पॅरामीटर दुर्लक्षित असं लिहून आलं असतं. आता कॉन्फिगमध्ये एक स्वल्पविराम बदलला तरी टेस्टपार्म चालवते, आणि मग काउंटरच्या मशीनवर जाऊन हिशोबाचा फोल्डर उघडत नाहीये ना हे डोळ्यांनी बघते. उघडतंय हे सगळेच तपासतात, उघडत नाहीये हे पण तपासा.

काउंटरवर असं तपासताना एक विंडोजची खोड कळली. एका सर्व्हरला एकाच वेळी दोन वेगळ्या युजर-नावांनी जोडता येत नाही, १२१९ नंबरची एरर येते आणि माणूस सांबाला दोष देत बसतो. आधीचं कनेक्शन नेट यूज कमांडने तोडायचं आणि मग दुसऱ्या नावाने जायचं.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट, ही मला कुठेच लिहिलेली सापडली नाही. जुन्या मशीनवरून फायली सर्व्हरवर नेताना काही फायली जाईनात, आणि सगळ्या लांब मराठी नावाच्या. लेखकाचं पूर्ण नाव, लेखाचं नाव, अंकाचं नाव, वर्ष, दुरुस्ती कितवी, असं आमचे ऑपरेटर एका नावात सगळं घालतात. विंडोजमध्ये नाव २५५ अक्षरांपर्यंत चालतं. लिनक्सच्या ईएक्सटी-फोर पद्धतीच्या डिस्कवर मर्यादा २५५ बाइटची आहे, आणि युनिकोडमधलं एक देवनागरी चिन्ह यूटीएफ-आठ या साठवायच्या पद्धतीत तीन बाइट खातं. म्हणजे फक्त ८५ चिन्हं. त्यात काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं, क्ष हे आपल्याला एक अक्षर दिसतं पण ते तीन चिन्हांचं, नऊ बाइटचं. इंग्रजी नाव ठेवणाऱ्याला ही अडचण जन्मात येणार नाही. आम्ही आता प्रत्येक कामाचा फोल्डर करून आत नाव लहान ठेवतो. नावं मराठीतच, ती मी बदलू दिली नाहीत, आणि मराठी नावं विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीकडे नीट दिसतात यासाठी सांबाला पूर्ण मार्क.

स्कॅनरचं मात्र सरळ जमलं नाही, जरी चूक सांबाची नाही. आमचं जुनं झेरॉक्स-स्कॅन मशीन फक्त एसएमबीची पहिली आवृत्ती बोलतं. सांबाने २०१९ मध्ये ४.११ पासून ती मुळातच बंद ठेवलीय. एक ओळ लिहून परत चालू करता येते आणि सगळे हाच सल्ला देतात. पण २०१७ च्या मे महिन्यातला वॉनाक्राय हा व्हायरस याच जुन्या एसएमबीतून पसरला, आणि जूनमध्ये तसाच नॉटपेट्या आला तेव्हा आपल्या समोरच्या किनाऱ्यावर, जेएनपीटी बंदरातलं मर्स्क या जहाज कंपनीचं टर्मिनल ठप्प झालं होतं, कंटेनरच्या ट्रकांच्या रांगा लागल्या होत्या. ती भोकं होती विंडोजमधली हे खरं, पण जी भाषा मायक्रोसॉफ्टच सोडून द्या म्हणतं ती एका स्कॅनरसाठी सगळ्या प्रेसमध्ये कशाला चालू ठेवायची. स्कॅनरला एफटीपीचा (फायली पाठवायची दुसरी पद्धत) वेगळा छोटा फोल्डर दिलाय, ऑपरेटरला तिथून उचलून घ्यावं लागतं. एक पायरी वाढली, चालतं.

स्पीडबद्दल लोक विचारतात. पहिल्या आठवड्यात सेकंदाला ११ एमबीच्या वर जाईना आणि काका म्हणायला लागले पेनड्राइव्ह बरा होता. मी सांबाच्या सेटिंगमध्ये कायकाय करून बघितलं, नेटवर सापडलेल्या सॉकेट ऑप्शन्सच्या ओळी टाकल्या, काही फरक नाही. ११ हा आकडा खरं तर स्वतःच उत्तर सांगत होता, शंभर मेगाबिटच्या लाइनवर तेवढंच मिळतं. ईथटूल ही लाइनचा वेग दाखवणारी कमांड चालवून बघितलं तर लिंक शंभरावरच, भिंतीतून गेलेल्या जुन्या केबलच्या आठातल्या चारच तारा जोडलेल्या. केबल बदलली, ११० मिळायला लागले. त्या सॉकेटच्या ओळी सगळ्या काढून टाकल्या, सांबा त्याच्या मूळ सेटिंगवरच उत्तम पळतो.

मॅकसाठी फ्रूट नावाचं मॉड्यूल (सांबाचा जोडभाग) जोडावं लागतं, जोडलं की मॅकवाला गप्प आहे. विंडोजच्या नेटवर्क खिडकीत सर्व्हर आपोआप दिसत नाही, त्यासाठी डब्ल्यूएसडीडी नावाचं वेगळं पॅकेज आहे, पण मी राउटरमध्ये सर्व्हरचा आयपी पक्का करून सगळ्यांना झेड ड्राइव्ह लावून दिला. लोकांना झेड कळतं, पुरे.

रिसायकल मॉड्यूलचं कौतुक केल्याशिवाय राहवत नाही. साधारणपणे नेटवर्कवरून डिलीट केलेली फाइल विंडोजच्या कचरापेटीत जात नाही, थेट जाते. या मॉड्यूलने ती सर्व्हरवरच्या एका लपवलेल्या फोल्डरमध्ये, मूळ रचनेसकट राहते. मार्चमध्ये शिकाऊ मुलाने एका स्मरणिकेतल्या फोटोंचा अख्खा फोल्डर उडवला, दोनशेच्या वर जुने फोटो, एका संस्थेच्या वयस्कर सभासदांनी घरोघरी जाऊन जमवलेले आणि आम्ही स्कॅन करून परत दिलेले. पाच मिनिटांत परत आणले. तो मुलगा रडायच्या बेतात होता. फक्त हा फोल्डर आपोआप रिकामा होत नाही, क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप कामं करणारी लिनक्सची सोय) तीस दिवसांवरचं काढायची ओळ मी लिहिलीय. आणि फाइलवर चुकून दुसरं काही सेव्ह केलं तर रिसायकल वाचवत नाही, तो डिलीटचाच साथीदार आहे.

म्हणून बॅकअप वेगळा. दोन डिस्क एकमेकींची प्रत असणं हा बॅकअप नाही, एका डिस्कवर फाइल खराब झाली की दुसरीवरही त्याच क्षणी होते. रोज रात्री दोनला आरसिंक या प्रत काढणाऱ्या प्रोग्रामने तिसऱ्या डिस्कवर प्रत जाते, ती डिस्क सांबाला दिसतच नाही, त्यामुळे एखाद्या विंडोज मशीनला व्हायरस लागला तरी तिथून तिच्यापर्यंत हात पोचत नाही. दर शनिवारी आणखी एक डिस्क काका घरी नेतात. आरसिंकसुद्धा त्याच ट्रिजेल यांनी पॉल मॅकेरस यांच्याबरोबर लिहिलेलं आहे हे मला नंतर कळलं.

पाचपैकी साडेचार देईन. अर्धा मार्क कापला कारण कॉन्फिगमधली चूक सांबा मुकाट्याने पोटात घालतो, पैसे मोजून घेतलेल्या सॉफ्टवेअरला हे आपण माफ केलं नसतं. सोबतची मॅन पेजेस (माहितीची पानं) मात्र अप्रतिम आहेत, प्रत्येक सेटिंग मूळची काय असते हे तिथे लिहिलेलं असतं, आणि ती सोडून दहा वर्षांपूर्वीच्या कोणाच्या तरी ७७७ वर विसंबून राहणं हेच बहुतेक घोळांचं मूळ आहे. ज्यांच्याकडे महिन्यातून एक तास सर्व्हरकडे बघायला कोणीच नाही त्यांनी सरळ तयार नॅस घ्यावा, त्यात कमीपणा काही नाही.

कोणाची फाइल कोणी उघडून ठेवलीय हे बघायला एसएमबीस्टेटस आहे, ते मी रात्रपाळीच्या दादाला शिकवलंय, आता तो मला रात्री फोन करत नाही. कॉन्फिगची छापील प्रत आणि तो चार तासांचा कागद काकांच्या कपाटात ठेवलाय, मी गावाला असले तरी अडू नये म्हणून. फाइलच्या जुन्या आवृत्त्या विंडोजमध्ये राइट क्लिक करून परत आणता येतील अशी शॅडो कॉपीची सोय पण सांबात आहे, त्याला डिस्कची मांडणी बदलावी लागेल, दिवाळी अंकांचं काम सुरू व्हायच्या आत ते करायचं ठरवलंय.